‘गेलो’ आणि ‘जात होतो’ : इंग्रजीतील दोन भूतकाळ



कणकुंबी, पारवाड, चिगुळे, जांबोटी या बाजूने जो विद्यार्थी महाविद्यालयात येतो, तो तीन भाषांचे ओझे घेऊन येतो. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, आणि वर्गात इंग्रजी. यांपैकी पहिल्या दोन भाषा तो न शिकवता शिकलेला असतो. तिसरी मात्र पुस्तकातून येते, आणि पुस्तकातून आलेली भाषा बोलताना माणूस नकळत आपल्या घरच्या भाषेच्या साच्यात तिला ओततो. इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत वारंवार आढळणाऱ्या चुकांपैकी बऱ्याचशा या साच्याच्याच असतात. त्यांतील एका जोडीचा विचार या लेखात करावयाचा आहे. ती जोडी म्हणजे साधा भूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ. इंग्रजी व्याकरणाच्या भाषेत ‘सिंपल पास्ट’ आणि ‘पास्ट कंटिन्युअस’.

उच्चार नजरेसमोर राहावा म्हणून येथे इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. वाचता वाचता ती वहीत इंग्रजी लिपीत लिहून काढावीत. तेवढ्यानेच निम्मा अभ्यास होईल.

१. दोन काळांची दोन कामे

‘मी खानापूरला गेलो’ आणि ‘मी खानापूरला जात होतो’ या दोन वाक्यांत फरक काय? पहिल्या वाक्यात जाण्याची क्रिया पुरी झाली. तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही आपल्या हातात आहेत. दुसऱ्या वाक्यात आपण वाटेवर आहोत. खानापूर आले की नाही, हे ते वाक्य सांगत नाही.

इंग्रजीतही नेमके तेच आहे. ‘आय वेंट टू खानापूर’ हे पुरे झालेले काम. ‘आय वॉज गोइंग टू खानापूर’ हे मधेच पकडलेले काम. ‘वॉज गोइंग’ म्हटले की ऐकणारा माणूस मनात विचारतो, ‘बरे, मग वाटेत काय झाले?’ हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढे मुलाखतीच्या वेळी त्याचे महत्त्व कळेल.

रूपे अवघड नाहीत. साध्या भूतकाळात क्रियापदाचे दुसरे रूप येते : गो–वेंट, सी–सॉ, वॉक–वॉक्ट. अपूर्ण भूतकाळात ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ आणि त्यापुढे ‘इंग’ लागलेले क्रियापद येते. आय, ही, शी, इट यांना ‘वॉज’. वुई, यू, दे यांना ‘वेअर’.

येथे मराठी माणसाला एक सवलत मिळते, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मराठीत साध्या भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते : मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी पोहे खाल्ले. अपूर्ण भूतकाळात तेच क्रियापद कर्त्याकडे वळते : मी भाकरी खात होतो, मी भाकरी खात होते. इंग्रजीत यातले काहीच नाही. आंबा असो की भाकरी, मुलगा असो की मुलगी, ‘एट’ ते ‘एट’च आणि ‘वॉज ईटिंग’ ते ‘वॉज ईटिंग’च.

पण या सवलतीबरोबर एक खड्डाही आहे. ‘गुरुजी शिकवत होते’ याचे इंग्रजी पुष्कळ विद्यार्थी ‘गुरुजी वेअर टीचिंग’ असे करतात. कारण मराठीत आदरार्थी अनेकवचन आहे. कन्नडमध्येही ‘इद्दरु’ म्हणून तोच आदर दाखवतात. इंग्रजीला क्रियापदातून आदर दाखवता येत नाही. गुरुजी कितीही मोठे असले तरी ते एकच आहेत, म्हणून ‘गुरुजी वॉज टीचिंग’. यात त्यांचा अपमान नाही.

२. प्रश्न लांबीचा नाही

विद्यार्थ्यांत एक समजूत पक्की रुजलेली आहे. जे काम थोडा वेळ चालले त्याला साधा भूतकाळ, आणि जे पुष्कळ दिवस चालले त्याला अपूर्ण भूतकाळ. ही समजूत चुकीची आहे.

प्रख्यात मराठी कथाकार जी. ए. कुलकर्णी हे धारवाडच्या महाविद्यालयात अनेक वर्षे इंग्रजी शिकवीत असत. हे इंग्रजीत कसे सांगावे? ‘जी. ए. कुलकर्णी टॉट इंग्लिश ॲट धारवाड फॉर मेनी इयर्स.’ वर्षे अनेक असली तरी तो संपूर्ण काळ आपण एका नजरेत, एक गाठोडे म्हणून पाहतो आहोत. म्हणून साधा भूतकाळ.

याउलट पाऊस पाचच मिनिटे पडला असेल, पण त्या पाच मिनिटांच्या मधोमध मी घराबाहेर पडलो असेन, तर ‘इट वॉज रेनिंग व्हेन आय लेफ्ट द हाउस’ असेच म्हणावे लागेल. तेव्हा क्रिया किती लांब चालली, यावर काळ ठरत नाही. आपण तिच्याकडे बाहेरून, पुरी म्हणून पाहतो की आत उभे राहून, चालू असताना पाहतो, यावर तो ठरतो.

आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातील दोन उदाहरणे घेऊ. 1924 च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते हेच. इंग्रजीत, ‘गांधीजी प्रिसायडेड ओव्हर द बेळगाव काँग्रेस इन 1924.’ अधिवेशन एकाहून अधिक दिवस चालले, तरी ‘वॉज प्रिसायडिंग’ नाही. इतिहासाच्या दृष्टीने ती एक पुरी झालेली घटना आहे.

दुसरे उदाहरण स्वामी विवेकानंदांचे. 1892 च्या ऑक्टोबरात ते बेळगावला आले होते. त्या दिवसांत ते परिव्राजक म्हणून देशभर फिरत होते, आणि येथून पुढे ते गोव्याला गेले. आता इंग्रजी पाहा. ‘स्वामी विवेकानंद केम टू बेळगाव इन ऑक्टोबर 1892. ही वॉज ट्रॅव्हलिंग थ्रू इंडिया ॲट दॅट टाइम. फ्रॉम हिअर ही वेंट टू गोवा.’ येणे आणि जाणे या घटना. म्हणून ‘केम’ आणि ‘वेंट’. फिरणे आधीपासून चालू होते आणि नंतरही चालू राहिले. म्हणून मधे ‘वॉज ट्रॅव्हलिंग’. तीन वाक्यांत दोन्ही काळांचे काम स्पष्ट होते.

३. एक मराठी, दोन इंग्रजी

आता मुख्य अडचणीकडे येऊ. पुढील दोन वाक्ये पाहा.

मी शाळेत जात होतो, तेव्हा मला मामा भेटले.
मी लहानपणी रोज चालत शाळेत जात होतो.

मराठीत दोन्हीकडे ‘जात होतो’ आहे. पण अर्थ एक नाही. पहिल्या वाक्यात एका विशिष्ट सकाळी मी वाटेत होतो. दुसऱ्यात वाटेत असण्याचा प्रश्नच नाही. तेथे वर्षानुवर्षांची सवय सांगितली आहे. आपल्या व्याकरणकारांनी हा फरक ओळखला आहे. सवयीच्या भूतकाळाला मराठी व्याकरणात ‘रीतिभूतकाळ’ असे स्वतंत्र नाव आहे आणि त्याचे जुने रूप ‘मी जाई, तो जाई’ असे आहे. ते रूप आता ग्रंथांत आणि ओव्यांत जास्त, बोलण्यात कमी. बोलताना आपण ‘जायचो’, ‘जात असे’ किंवा सरळ ‘जात होतो’ म्हणून मोकळे होतो.

कन्नड विभागातील मित्रांची गोष्टही निराळी नाही. ‘नानु होगुत्तिद्दे’ हे एकच रूप ‘मी वाटेत होतो’ यालाही चालते आणि ‘मी रोज जायचो’ यालाही चालते. म्हणूनच मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांतली मुले इंग्रजीत एकच चूक करतात : ‘आय वॉज गोइंग टू स्कूल डेली.’

या सारखेपणाला कारण आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक शतकानुशतके शेजारी राहिले. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी तेथील बोलींवरचा आपला शोधनिबंध 1971 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, शब्द वेगवेगळे राहिले तरी वाक्यांची ठेवण इतकी जवळ आली आहे की, एका बोलीतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या बोलीत नेता येते. सीमाभागातील आपल्या सर्वांचा अनुभव याहून फार निराळा नसावा. मराठीतून कन्नडमध्ये जाताना आपण शब्द बदलतो, साचा बदलत नाही. हीच सवय इंग्रजीकडे नेली की घोटाळा होतो, कारण इंग्रजीचा साचाच वेगळा आहे.

कणकुंबीच्या शिवाराचे उदाहरण येथे चपखल बसते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेकडे जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढे कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जाते. त्याच भागातला कळसा नाला पश्चिमेला म्हादईकडे वळतो आणि त्याचे पाणी अरबी समुद्राला जाते. पाऊस एकच, पण धारेच्या कोणत्या बाजूला थेंब पडला यावर त्याचा समुद्र ठरतो. ‘जात होतो’ हेही तसेच आहे. वरून एकच दिसते. इंग्रजीत उतरताना त्याच्या दोन वाटा होतात.

वाट ओळखण्याची कसोटी सोपी आहे. ‘जात होतो’च्या जागी ‘जायचो’ घालून पाहा. वाक्य चांगले लागले तर ती सवय आहे. इंग्रजीत साधा भूतकाळ किंवा ‘यूज्ड टू’ वापरा : ‘आय वेंट टू स्कूल ऑन फूट एव्हरी डे’ किंवा ‘आय यूज्ड टू गो टू स्कूल ऑन फूट.’ ‘जायचो’ बसत नसेल तर ती चालू क्रिया आहे. तेथे ‘आय वॉज गोइंग’. ‘मी शाळेत जायचो, तेव्हा मला मामा भेटले’ हे कानाला खटकते ना? मग तेथे अपूर्ण भूतकाळ. सीमाभागातल्या पुष्कळ घरांत ‘मी जेवत होतो’ऐवजी ‘मी जेवायलो होतो’ असेही म्हणतात. जेथे असे म्हणावेसे वाटेल, तेथेही बहुधा ‘वॉज ईटिंग’च योग्य असते. घरच्या बोलीची लाज बाळगू नका. कधी कधी पुस्तकी भाषेपेक्षा तीच नेमकी असते.

एक अपवाद सांगून ठेवतो. कोणाच्या सवयीचा त्रास किंवा कंटाळा दाखवायचा असेल तर ‘ऑलवेज’ घालून अपूर्ण भूतकाळ चालतो : ‘ही वॉज ऑलवेज बॉरोइंग माय पेन.’ सदान्‌कदा माझे पेन मागायचा, असा वैताग त्यात आहे. साध्या माहितीसाठी हे रूप वापरू नये.

४. ज्यांना ‘इंग’ सोसत नाही

‘मला ते माहीत होते’ याचे भाषांतर ‘आय वॉज नोइंग दॅट’ असे होत नाही. ‘आय न्यू दॅट’ असे होते. माहीत असणे ही करावयाची क्रिया नव्हे, ती स्थिती आहे. स्थितीला सुरू, चालू, बंद असे टप्पे नसतात, म्हणून इंग्रजीत तिला ‘इंग’ लागत नाही. नो, अंडरस्टँड, बिलीव्ह, लाइक, वाँट, नीड, बिलाँग ही क्रियापदे या वर्गातली.

‘त्याला कन्नड कळत होते’ : ‘ही अंडरस्टुड कन्नड.’
‘आम्हाला पाणी हवे होते’ : ‘वुई वाँटिड वॉटर.’
‘तिच्याजवळ पुस्तक होते’ : ‘शी हॅड अ बुक.’ येथे ‘शी वॉज हॅविंग अ बुक’ चूक.

‘हॅव’ या क्रियापदाचे मात्र दोन अर्थ आहेत. जवळ असणे हा अर्थ असेल तर ‘इंग’ नको. खाणे किंवा पिणे हा अर्थ असेल तर चालतो : ‘शी वॉज हॅविंग टी.’ तसेच ‘थिंक’चे. ‘मला वाटत होते’ म्हणजे मत असेल तर ‘आय थॉट’. विचारात गढून गेलो होतो असे म्हणायचे असेल तर ‘आय वॉज थिंकिंग’.

५. ‘व्हेन’, ‘व्हाइल’ आणि आपले ‘असताना’

‘मी येत असताना पाऊस सुरू झाला.’ मराठीत ‘येत असताना’ या शब्दांना काळ नाही. तो वाक्याच्या शेवटच्या क्रियापदावरून कळतो. इंग्रजीत असे अर्धवट ठेवता येत नाही. ‘व्हाइल आय वॉज कमिंग, इट बिगॅन टू रेन.’ दोन्ही क्रियापदांना आपापला काळ द्यावा लागतो. पसरलेल्या, चालू असलेल्या क्रियेला अपूर्ण भूतकाळ. तिला मधेच येऊन छेदणाऱ्या क्रियेला साधा भूतकाळ. दोन कामे एकाच वेळी चालू असतील तर दोन्हीकडे अपूर्ण : ‘व्हाइल माय मदर वॉज कुकिंग, आय वॉज फेचिंग वॉटर.’

‘व्हेन’ आला की विशेष सावध राहावे, कारण एका रूपाने घटनांचा क्रमच बदलतो.

व्हेन आय अराइव्ह्ड, मॅडम वॉज टेकिंग द अटेंडन्स.
व्हेन आय अराइव्ह्ड, मॅडम टुक द अटेंडन्स.

पहिल्यात हजेरी आधीच सुरू होती. तुम्ही उशिरा आलात. दुसऱ्यात तुम्ही आल्यावर बाईंनी हजेरी घेतली. तुम्ही वेळेवर होता. एका ‘वॉज’ने विद्यार्थी उशिराचा ठरतो.

६. नकार आणि प्रश्न : येथे कन्नड मदतीला येते

‘तो गेला नाही’ याचे ‘ही डिड नॉट वेंट’ असे इंग्रजी मराठी मुले सर्रास करतात. कारण उघड आहे. मराठीत होकारात ‘गेला’, नकारातही ‘गेला’. फक्त ‘नाही’ जोडायचे. म्हणून ‘वेंट’ तसाच ठेवून पुढे ‘डिड नॉट’ लावला जातो.

कन्नडची रीत पाहा. होकारात ‘होद’, पण नकारात ‘होगलिल्ल’. ‘होद’ हे भूतकाळी रूप नकारात टिकत नाही. क्रियापद मूळ धातूकडे परत जाते आणि नकाराचा शब्द त्याला लागतो. इंग्रजी या बाबतीत मराठीपेक्षा कन्नडच्या जवळ आहे : ‘ही वेंट’, पण ‘ही डिड नॉट गो’. ज्या मराठी विद्यार्थ्यास बाजारात ‘होगलिल्ल’, ‘बरलिल्ल’, ‘माडलिल्ल’ सहज बोलता येते, त्याने ते शब्द आठवावेत. ‘डिड नॉट गो’, ‘डिड नॉट कम’, ‘डिड नॉट डू’ आपोआप बरोबर येतील.

नियम एवढाच की, भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने एकदा उचलले की मुख्य क्रियापदाने ते पुन्हा उचलायचे नाही. प्रश्नातही तसेच : ‘डिड यू गो?’, ‘व्हाय डिड यू नॉट कम येस्टरडे?’ अपूर्ण भूतकाळात ‘डिड’ लागतच नाही. ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ पुढे येतो : ‘वेअर यू स्लीपिंग?’, ‘ही वॉज नॉट लिसनिंग.’

७. उच्चाराचा एक नियम

नियमित क्रियापदांच्या शेवटी इंग्रजीत ‘ई’ आणि ‘डी’ ही अक्षरे लागतात. ती पाहून आपली मुले ‘वॉकेड’, ‘स्टॉपेड’ असे वाचतात. या शेवटाचे उच्चार तीन आहेत, आणि ज्याने शाळेत घोष आणि अघोष वर्ण शिकले आहेत त्याला ते चटकन कळतील.

क्रियापदाचा शेवटचा ध्वनी अघोष असेल, म्हणजे क, प, फ, स, श, च, तर शेवट ‘ट’ : वॉक्ट, स्टॉप्ट, लाफ्ट, पास्ट, वॉश्ट, वॉच्ट. शेवटचा ध्वनी घोष किंवा स्वर असेल तर ‘ड’ : ओपन्ड, लिव्ह्ड, कॉल्ड, प्लेड. आणि शेवट मुळातच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तर, दोन सारखे ध्वनी जोडता येत नाहीत म्हणून, मधे स्वर येऊन ‘इड’ : वाँटिड, वेटिड, नीडिड. संस्कृत संधीत वाक् आणि ईश मिळून वागीश होतो, तेथेही शेजारच्या ध्वनीप्रमाणे ध्वनी बदलतो. तत्त्व तेच आहे.

८. हे कशासाठी शिकावयाचे?

काही विद्यार्थी म्हणतील, ‘अर्थ समजल्याशी कारण, काळ चुकला तर काय बिघडले?’ बिघडते. दोन प्रसंग सांगतो.

मुलाखतीत विचारतात, ‘तुमचे शिक्षण कोठे झाले?’ उमेदवार उत्तर देतो, ‘आय वॉज स्टडीइंग इन अ कॉलेज ॲट खानापूर.’ त्याच्या मनात मराठी वाक्य आहे, ‘मी खानापूरच्या कॉलेजात शिकत होतो.’ त्यात वावगे काही नाही. पण समोरच्या माणसाच्या कानावर अर्धे राहिलेले शिक्षण पडते. आपण सुरुवातीला पाहिलेला प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो : मग काय झाले? मधेच सोडले काय? टेबलावरचे प्रमाणपत्र सांगते की उमेदवार उत्तीर्ण झाला. त्याचे तोंड सांगते की शिक्षण चालू होते. ‘आय स्टडीड ॲट खानापूर अँड पास्ट इन द फर्स्ट क्लास’ एवढे म्हटले असते तर हा गोंधळ झाला नसता. घरातून पहिल्यानेच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलाने किंवा मुलीने आपले पुरे केलेले शिक्षण आपल्याच तोंडाने अपुरे का सांगावे? ‘आय वॉज वर्किंग’, ‘आय वॉज प्लेइंग फॉर माय स्कूल’ यांचेही तसेच. जे पुरे केले, ते साध्या भूतकाळात ठामपणे सांगावे.

दुसरा प्रसंग जबानीचा. समजा, चोर्ला घाटाच्या वळणावर एक अपघात झाला आणि तुम्ही साक्षीदार आहात. विम्याच्या कागदावर इंग्रजीत हकिगत लिहावयाची आहे.

व्हेन द कार केम, द ट्रक वॉज ओव्हरटेकिंग द बस.
व्हेन द कार केम, द ट्रक ओव्हरटुक द बस.

पहिल्या वाक्याप्रमाणे ट्रक बसला ओलांडत असतानाच समोरून गाडी आली. दुसऱ्याप्रमाणे गाडी समोर आल्यावर ट्रकवाल्याने बसला ओलांडले; म्हणजे दिसत असूनही त्याने धोका पत्करला. दोष कोणाकडे जातो, हे एका रूपावर ठरण्याची वेळ येऊ शकते. ‘ही वॉज ड्राउनिंग’ आणि ‘ही ड्राउन्ड’ यांतही तेवढेच अंतर आहे : पहिल्याला अजून वाचवता येते, दुसरा गेलेला असतो. पावसाळ्यात नाले भरून वाहणाऱ्या प्रदेशात हा फरक केवळ व्याकरणाचा म्हणता येणार नाही.

आपल्या भागाचे कागदपत्रही इंग्रजीतून वाचावे लागतात. म्हादईच्या पाण्याचा वाद घ्या. 2010 साली त्यासाठी लवाद नेमण्यात आला आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये त्याने निवाडा दिला. अशा विषयावरील कागदात ‘डग अ कॅनॉल’ असेल तर कालवा खोदून झाला, ‘वेअर डिगिंग अ कॅनॉल’ असेल तर त्या वेळी खोदकाम चालू होते. ज्याच्या शिवारातून पाणी जाते, त्याला हा भेद स्वतः वाचून कळला पाहिजे. दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर त्याने विसंबून राहू नये.

९. एक उतारा

पुढील उतारा मोठ्याने वाचा.

‘इट वॉज अ मॉर्निंग इन जुलाय. इट वॉज रेनिंग हेविली ॲट कणकुंबी. टू स्टुडंट्स वेअर वेटिंग फॉर द बस. द विंड वॉज ब्लोइंग अँड द नाला वॉज रायझिंग. सडनली अ ट्री फेल अक्रॉस द रोड. द बस केम, स्टॉप्ट अँड टर्न्ड बॅक. द स्टुडंट्स डिड नॉट रीच द कॉलेज दॅट डे.’

यातील ‘वॉज रेनिंग’, ‘वेअर वेटिंग’, ‘वॉज ब्लोइंग’, ‘वॉज रायझिंग’ ही चारही रूपे देखावा उभा करतात. गोष्ट मात्र पुढे सरकत नाही. ‘फेल’ आला आणि गोष्ट हलली. त्यानंतर ‘केम, स्टॉप्ट, टर्न्ड’ एकामागून एक घटना सांगतात. नाटकात पडदा वर जाताच आधी देखावा दिसतो आणि मग पात्रांच्या हालचाली सुरू होतात, तसेच हे आहे. निबंधात गोष्ट लिहिताना पहिली तीन-चार वाक्ये देखाव्याची ठेवावीत आणि नंतर साध्या भूतकाळाने घटना सांगाव्यात.

१०. स्वाध्याय

खालील वाक्यांचे इंग्रजीत भाषांतर करा. उत्तरे शेवटी आहेत. आधी ती झाकून ठेवा.

(१) आजोबा रोज पहाटे देवळात जात होते.
(२) दिवे गेले तेव्हा आम्ही अभ्यास करत होतो.
(३) वडील दहा वर्षे पुण्यात नोकरी करत होते.
(४) तिला उत्तर माहीत होते, पण तिने हात वर केला नाही.
(५) 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात आला.
(६) प्राचार्य बोलत होते आणि मागची मुले हसत होती.
(७) मी हाक मारली तेव्हा तू काय करत होतास?
(८) काल बस आली नाही.

उत्तरे : (१) माय ग्रँडफादर यूज्ड टू गो टू द टेंपल अर्ली एव्हरी मॉर्निंग. (२) वुई वेअर स्टडीइंग व्हेन द लाइट्स वेंट आउट. (३) माय फादर वर्क्ट इन पुणे फॉर टेन इयर्स. (४) शी न्यू द आन्सर, बट शी डिड नॉट रेझ हर हँड. (५) बेळगाव डिस्ट्रिक्ट बिकेम अ पार्ट ऑफ मैसूर स्टेट ऑन 1 नोव्हेंबर 1956. (६) द प्रिन्सिपॉल वॉज स्पीकिंग अँड द बॉइज ॲट द बॅक वेअर लाफिंग. (७) व्हॉट वेअर यू डुइंग व्हेन आय कॉल्ड? (८) द बस डिड नॉट कम येस्टरडे.

पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात ‘करत होते, जात होते’ असूनही अपूर्ण भूतकाळ का आला नाही, आणि सहाव्यात प्राचार्यांना ‘वॉज’ का लागला, याची कारणे वहीत आपल्या शब्दांत लिहा. उत्तर बरोबर येण्यापेक्षा कारण देता येणे अधिक मोलाचे आहे.

दादोबा पांडुरंगांनी 1836 साली आपले मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. मातृभाषेचे व्याकरण नीट समजले की परक्या भाषेचे दार किती सहज उघडते, हे या पाठात आपण जागोजागी पाहिले : रीतिभूतकाळ मराठीने शिकवला, ‘डिड नॉट गो’ची खूण कन्नडने दिली, आणि ‘ट’-‘ड’चा नियम शाळेतल्या घोष-अघोष वर्णांनी. तेव्हा मराठी आणि कन्नड या इंग्रजीच्या वाटेतल्या धोंडी नव्हेत. रोज झोपण्यापूर्वी दिवसभरात घडलेल्या पाच गोष्टी इंग्रजीत लिहा, आणि प्रत्येक क्रियापदापाशी थांबून स्वतःला एकच प्रश्न विचारा : हे पुरे झाले होते की चालू होते? महिनाभर हा नेम चालवा. मग काळ चुकला तर वहीच्या आधी तुमचा कानच तुम्हाला सांगेल.